कबुलीजबाबाचा कर्ता : भिवंडी १९७० ते मुंबई २०२५

१

पोथ्यांच्या पाठचिकित्सेत एक साधा नियम सांगितला जातो. दोन प्रतींत बरोबर शब्द सारखे आढळले तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. ते मूळ संहितेतूनच दोन्हींकडे आलेले असू शकतात. परंतु दोन प्रतींत चुका सारख्या आढळल्या, वाक्यांची मोडणी सारखी आढळली, अनावश्यक शब्दही त्याच ठिकाणी आढळले, तर त्या दोन्ही प्रती एकमेकींवरून किंवा कोणत्या तरी तिसऱ्या प्रतीवरून उतरल्या आहेत असे मानणे भाग पडते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींचे पाठभेद लावणाऱ्या किंवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळणाऱ्या मराठी अभ्यासकाला हा नियम नवा नाही. मात्र पोथीच्या बाहेर, न्यायालयाच्या दप्तरात, एखाद्या माणसाचे जगणे-मरणे ज्यावर ठरते अशा संहितेलाही तो लावता येईल, याचा विचार मराठी समीक्षेने क्वचितच केला आहे.

ही संहिता म्हणजे पोलीस कोठडीतील कबुलीजबाब. वाङ्मयप्रकार म्हणून त्याकडे पाहिले तर तो प्रथमपुरुषी आत्मनिवेदनाचा एक प्रकार ठरतो. ‘मी’ हा त्यातला निवेदक. तो आपले नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण सांगतो, संगतीचा इतिहास सांगतो, कट सांगतो, कृत्य सांगतो आणि शेवटी हे सारे स्वखुशीने सांगत असल्याचे सांगतो. पण या ‘मी’चे शब्द कागदावर उतरवणारा दुसराच असतो, शब्दांची निवड आणि क्रम त्याच्या हाती असतो, आणि लिहिले गेलेले भोगण्याची वेळ मात्र पहिल्यावर येते. आत्मचरित्राच्या चर्चेत लेखक, निवेदक आणि नायक ही एकच व्यक्ती असते असे गृहीत धरले जाते. कबुलीजबाबात हेच गृहीतक कायद्याने उचलून धरलेले असते, आणि नेमके तेच बहुधा सर्वाधिक संशयास्पद असते.

कोठडीतील छळ, त्याची जबाबदारी आणि वर्षानुवर्षे बंदिवासात पडलेल्यांचे हक्क यांची चर्चा सहसा घटनेची कलमे आणि न्यायनिवाडे यांच्या आधारे होते. ती आवश्यकच आहे. परंतु या साऱ्याच्या मुळाशी कर्तृत्वाचा प्रश्न आहे : कोठडीत लिहिला गेलेला ‘मी’ कोणाचा? स्वतंत्र महाराष्ट्रात या प्रश्नाला सविस्तरपणे भिडलेले एक आरंभीचे दस्तऐवज भिवंडीच्या १९७० मधील दंगलीतून निघाले. तेथून २०२५ पर्यंतचा इतिहास हा एका अर्थी पोलिसी कागद कसे वाचावेत याचा इतिहास आहे.

२

ब्रिटिशपूर्व मराठी व्यवहारात न्यायाच्या कामी जबाब लिहिण्याची पद्धत होतीच. गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आपापल्या तकरिरी लिहून देत, निवाडा मान्य करू असा राजीनामा लिहून देत, जामीन देत. निर्णयाच्या महजरावर जमलेल्यांच्या निशाण्या पडत. लिहिता न येणारा कुणबी नांगराचे चित्र काढी. तो नांगर हाच त्याचा ‘मी’. पुराव्याने वाद सुटला नाही तर दिव्य असे. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी हात तपासायचा, ही रवादिव्याची रीत कागदपत्रांत आढळते. शरीराला वेदना देऊन सत्य काढण्याचीच ही रीत होती यात शंका नाही. परंतु दिव्य सभेसमक्ष होई आणि त्याचा निकाल सर्वांना दिसे. चोरी-दरोड्याच्या प्रकरणांत बंद दाराआड कबुली काढण्यासाठी होणारा छळही त्या काळी होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात त्याचा उल्लेख येतो. त्यामुळे जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

नवे राज्य हे छळाचा शेवट करणारे राज्य म्हणून स्वतःकडे पाहत होते. पण १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने या प्रतिमेला तडा दिला. सारावसुली आणि गुन्ह्याचा तपास या दोन्ही कामांत कंपनी सरकारच्या देशी नोकरांकडून सर्रास छळ होतो, असे त्या आयोगाला आढळले. दोष नोकरांच्या स्वभावावर ढकलून राज्यकर्त्यांनी आपली सुटका करून घेतली. तरीही त्यातून एक महत्त्वाचा नियम जन्माला आला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात असे ठरले की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. या कायद्याचा शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने पुढे आपल्या इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या इतिहासात हिंदुस्थानातील एका अनुभवी अधिकाऱ्याचे म्हणणे नोंदवले आहे. पुराव्याच्या शोधात उन्हातान्हात भटकण्यापेक्षा सावलीत बसून गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे पोलिसाला सोपे वाटते, असा त्याचा आशय. छळामागे क्रौर्याइतकाच आळस असतो, हे दीडशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण आजही खोडून काढता येत नाही.

साहित्याच्या भाषेत बोलायचे तर कायद्याने येथे लेखनिकावर अविश्वास दाखवला. पोलीस हा तपास करणारा असेल, पण तो दुसऱ्याच्या ‘मी’चा विश्वासार्ह लेखनिक असू शकत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६२ व्या कलमाने तर पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये असे सांगितले. सहीमुळे कागदाला नसलेली प्रतिष्ठा येते, हे त्यामागचे भान. कबुली द्यायचीच असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, विचार करायला वेळ देऊन, ती देणे बंधनकारक नाही हे समजावून मगच नोंदवायची. हे नियम वसाहतीच्या सरकारने केले आणि स्वतंत्र भारताने ते स्वीकारले. घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होणार नाही, अशी त्यांना जोडही दिली.

मात्र याच कायद्यात एक खिडकी उघडी राहिली. २७ व्या कलमानुसार आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. महाराष्ट्रातील फौजदारी न्यायालयांत रोज वाचले जाणारे ‘निवेदन पंचनामे’ हे या खिडकीतून आलेले गद्य आहे. आरोपी दोन पंचांसमोर लपवलेली वस्तू काढून देण्याचे सांगतो, पोलिसांना व पंचांना ठिकाणी नेतो, वस्तू काढून देतो. नावे आणि वस्तू बदलतात, वाक्ये बदलत नाहीत. माणूस खरोखर बोलतो तेव्हा अडखळतो, मागे जातो, विषय सोडतो. जेथे शेकडो माणसे एकाच लयीत बोलतात तेथे बोलणाऱ्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येत असतो.

३

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. ती आसपासच्या गावांत पसरली. जळगाव आणि महाड येथेही त्याच दिवसांत दंगली झाल्या. राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दि. पे. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अनेक खंडांचा अहवाल सत्तरच्या दशकाच्या मध्यास पुढे आला. दंगलीला कारणीभूत ठरलेली जातीय संघटनांची तयारी, मिरवणुकीचा मार्ग, प्रशासनाच्या चुका यांची अहवालाने केलेली मांडणी सुपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे तो दंगलीनंतर गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष तपास पथकाविषयीचा.

आयोगाचा या पथकाविषयीचा निष्कर्ष असा की त्याचे काम हा जातीय पक्षपाताचा एक नमुनाच होता. दोषी कोण आणि निर्दोष कोण याची पर्वा न करता शक्य तितक्या मुसलमानांना गोवायचे आणि शक्य तितक्या हिंदूंना वगळायचे, अशी पद्धतशीर दिशा त्याच्या तपासाला होती. निष्कर्षाइतकीच तो येण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. राज्याच्याच एका न्यायाधीशाने राज्याच्याच पोलिसांचे कागद समोर ठेवले आणि त्यांचा मेळ इतर पुराव्याशी घालून पाहिला. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्यात काय गाळले गेले, हे प्रश्न त्याने विचारले. पाठचिकित्सेत ज्याला प्रक्षेप म्हणतात आणि ज्याला गळलेला पाठ म्हणतात, त्या दोन्ही गोष्टी तपासाच्या कागदांत शोधता येतात हे या अहवालाने दाखवून दिले.

भिवंडीची भाषिक घडणही येथे विसरता येत नाही. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांचे हे गाव पुढे यंत्रमागांचे शहर झाले. मागावर उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू, बाजारात हिंदी, भोवतालच्या गावांत आगरी-कोळी मराठी, आणि पोलीस ठाण्यात कागदाची मराठी, अशी तेथली भाषांची उतरंड आहे. अशा ठिकाणी उर्दू बोलणाऱ्या यंत्रमाग कामगाराचा जबाब ठाण्याच्या मराठीत उतरतो तेव्हा तो लिहिला जाण्यापूर्वीच एकदा भाषांतरित झालेला असतो. ज्या लिपीत आपला ‘मी’ लिहिला गेला ती लिपीही अनेकदा त्याला वाचता येत नाही. नांगर काढणाऱ्या कुणब्याला निदान समोर जमलेली पांढरी काय ऐकते आहे हे कळत होते.

अहवालाला जे साधले नाही तेही नोंदवले पाहिजे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. आयोगापुढे साक्ष देताना एखाद्याने केलेले निवेदन, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, त्याच्याविरुद्ध वापरताही येत नाही. त्यामुळे असा अहवाल इतिहासाचे उत्तम साधन ठरतो, पण निवाडा ठरत नाही. मुंबईच्या १९९२–९३ च्या दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ मधील अहवालही याच मर्यादेत अडकला. राज्याने स्वतःविषयी सत्य लिहून घेतले आणि ते ग्रंथालयात ठेवले.

४

भिवंडीत १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा भीषण दंगल झाली. पुढच्याच वर्षी, पंजाबातील परिस्थितीच्या संदर्भात, संसदेने दहशतवादी व विध्वंसक कारवाया प्रतिबंधक कायदा म्हणजे ‘टाडा’ केला. १९८७ च्या सुधारित ‘टाडा’तील १५ व्या कलमाने १८७२ चा नियम उलटवला : पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य झाली. कर्तार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ रोजी हे कलम बहुमताने वैध ठरवले आणि कबुली मोकळ्या वातावरणात, आरोपीच्याच भाषेत नोंदवावी अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ‘टाडा’ १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण त्याची ही तरतूद संपली नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे ‘मकोका’च्या, १८ व्या कलमात ती आली आणि २००२ ते २००४ या काळात ‘पोटा’च्या ३२ व्या कलमातही.

या बदलामागील युक्तिवाद दर्जाचा होता. हवालदार मारून कबुली घेईल, पण अधीक्षक किंवा उपायुक्त तसे करणार नाही. मारणारा आणि लिहिणारा या दोन भूमिका वेगळ्या करता येतात असे यात गृहीत धरले आहे. दिवसभर एका खोलीत जे घडते ते दुसऱ्या खोलीतील अधिकाऱ्याच्या मेजापर्यंत आरोपीच्या अंगातून येते, हे या युक्तिवादात बसत नाही. उपायुक्ताने खरोखर हातही लावला नाही, तरी त्याच्यापुढून उठल्यावर आपल्याला कोठे परत नेणार हे आरोपीला ठाऊक असते. ‘मकोका’ने काही संरक्षणे दिली हेही खरे. कबुलीनंतर आरोपीला विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे, आणि त्याने छळाची तक्रार केली तर त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेविषयी अकरा सूचना दिल्या. अटकेचे टिपण, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट या त्यांतील प्रमुख. या सूचनांचे स्वरूप पाहिले तर त्यांतील बहुतेक कागद निर्माण करण्याच्या सूचना आहेत. पोलिसांच्या संहितेशेजारी दुसरी, स्वतंत्र संहिता तयार व्हावी, म्हणजे दोन्हींचा मेळ घालता येईल, हा त्यांचा गाभा.

५

८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मालेगाव हे भिवंडीसारखेच मोमीन विणकरांचे, यंत्रमागांचे शहर. तीसहून अधिक माणसे दगावली, बहुतेक मुसलमान. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान तरुणांवर आरोप ठेवले आणि ‘मकोका’खाली कबुलीजबाब नोंदवले गेले. २०१० च्या डिसेंबरमध्ये स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीत हेच स्फोट एका हिंदुत्ववादी गटाने घडवल्याचे आले. एकाच घटनेच्या दोन कबुल्या, दोन संपूर्णपणे वेगळ्या ‘मी’नी सांगितलेल्या, न्यायालयाच्या दप्तरात एकमेकींशेजारी येऊन पडल्या. त्यानंतर राष्ट्रीय तपास संस्थेचा तपास पहिल्या कथेपासून दूर गेला. २०११ मध्ये नऊ जणांना जामीन मिळाला, तरी मुंबईच्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यातही आरोपी असलेले दोघे तुरुंगातच राहिले. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना दोषमुक्त केले. नववा तोवर वारला होता. असीमानंद यांनीही आपली कबुली मागे घेतली, ती दबावाखाली दिल्याचे सांगितले आणि पुढे अन्य खटल्यांत ते निर्दोष सुटले. पहिली कबुली खोटी ठरली म्हणून दुसरी खरी ठरत नाही. २००८ च्या मालेगाव स्फोटातील आरोपींनीही, साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह, कोठडीत छळ झाल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली होती; ३१ जुलै २०२५ रोजी त्या खटल्यातील सातही जण निर्दोष सुटले. कोणाच्या तक्रारीवर विश्वास ठेवायचा हे महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत बहुतांशी तक्रारदाराच्या धर्मावरून ठरत आले आहे. कबुलीजबाबाच्या चिकित्सेला ही सवड नाही. पद्धत एकच असेल तर संशयही एकच असला पाहिजे.

११ जुलै २००६ च्या मुंबई उपनगरी रेल्वेतील सात स्फोटांचा खटला या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. या स्फोटांत १८९ माणसे मेली आणि आठशेहून अधिक जखमी झाली. तेरा जणांवर ‘मकोका’खाली खटला चालला. ३० सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. एक शिक्षक निर्दोष सुटला. येथेही दुहेरी कथन होते. २००८ मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेने ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाखाली पकडलेल्या एका आरोपीच्या कबुलीत हे स्फोट आपल्या गटाने केल्याचे आले होते. एकाच शहराच्या पोलीस दलाच्या दोन कागदांतून त्याच रेल्वेगाड्यांत दोन वेगवेगळ्या टोळ्यांनी बॉम्ब ठेवले.

२१ जुलै २०२५ रोजी न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने उरलेल्या सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. साक्षीदारांची ओळख, ओळख परेडीची वैधता, जप्त मालाची मोहोर यांत न्यायालयाला गंभीर उणिवा आढळल्या. कबुलीजबाबांच्या बाबतीत न्यायालयाने जे केले ते पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. निरनिराळ्या उपायुक्तांपुढे नोंदवल्या गेलेल्या कबुल्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांतील काही भागांचे साम्य टिपले, आणि स्वतंत्रपणे बोललेल्या माणसांच्या तोंडी ते संभवत नाही असा निष्कर्ष काढला. त्याचबरोबर रुग्णालयांतील वैद्यकीय नोंदींचा मेळ आरोपींच्या छळाच्या तक्रारींशी घातला. समान पाठ आढळला, म्हणजे समान लेखनिक आहे. आणि शरीरावरच्या नोंदी सांगतात की तो लेखनिक शब्द कसे मिळवत होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही.

या निकालानंतर मृतांच्या आप्तांनी विचारलेला प्रश्न साधा होता : मग आमच्या माणसांना मारले कोणी? छळाच्या समर्थनार्थ नेहमी याच आप्तांचे दुःख पुढे केले जाते, आणि छळाने सर्वांत मोठा दगा दिला तो त्यांनाच. १९ वर्षे जे सत्य म्हणून सांभाळले गेले ते एका लेखनिकाचे कथानक निघाले, आणि त्या काळात खऱ्या मागावर जाण्याची वेळ निघून गेली.

६

काळाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. बारांपैकी एक जण अपील सुनावणीची वाट पाहत असताना २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने वारला. त्याचे निर्दोषत्व त्याच्या पश्चात जाहीर झाले. १९९४ मध्ये ‘टाडा’खाली पकडलेल्या अकरा जणांना नाशिकच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष ठरवले, अटकेनंतर जवळजवळ २५ वर्षांनी. प्रदीर्घ स्थानबद्धतेला विरोध करणारे कायदे नाहीत असे नव्हे. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा एकविसाव्या अनुच्छेदातील हक्क मानला. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ कच्च्या कैदेत काढलेल्याला सोडावे अशी तरतूद ४३६-अ या कलमाने २००५ च्या दुरुस्तीत आली. पण ज्यांना मृत्युदंड होऊ शकतो त्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि ‘मकोका’च्या २१ व्या कलमाने जामिनाची वाट जवळजवळ बंद केली आहे. २०२१ मधील नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांतही अवाजवी विलंब झाला तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात असे म्हटले. तरीही सर्वांत भारी आरोप, सर्वांत सैल पुरावा आणि सर्वांत लांब बंदिवास हे त्रिकूट मोडलेले नाही.

जबाबदारीच्या प्रश्नावर ख्वाजा युनूस प्रकरण पुरेसे बोलते. परभणीचा हा तरुण अभियंता २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटासंदर्भात ‘पोटा’खाली पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला घेऊन जाणारी गाडी पारनेरजवळ उलटली आणि तो पळून गेला. सहआरोपीने न्यायालयात सांगितले की त्याने युनूसला बेदम मारहाण होताना आणि रक्त ओकताना पाहिले होते. आई आसिया बेगम यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने चौकशी केली, चौदा पोलिसांवर ठपका आला. सरकारने खटल्याची मंजुरी दिली ती चौघांपुरती. स्फोटाच्या खटल्यातील आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. आईला वीस लाखांची भरपाई देण्याचा आदेश २०१२ मध्ये झाला. मुलाचा मृतदेह तिला कधीच मिळाला नाही. कबुलीजबाबात लिहिणारा स्वतःला लपवून दुसऱ्याच्या तोंडी ‘मी’ घालतो. येथे पळून जाण्याचे क्रियापदही मेलेल्या माणसालाच कर्ता म्हणून जोडले गेले. सरकारी मंजुरीशिवाय सरकारी नोकरावर खटला नाही, हा नियम या लपण्याला कायद्याचे छप्पर पुरवतो. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिले नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळ प्रतिबंधक विधेयक कायदा न होताच विरले, आणि विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २७३ व्या अहवालात पुन्हा केलेली शिफारसही तशीच पडून राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात पोलिसांपुढच्या कबुलीचा जुना निषेध आणि वस्तू काढून देण्याची जुनी खिडकी, दोन्ही एकत्र नांदत आहेत.

७

मराठीत तुरुंगवाङ्मयाची परंपरा समृद्ध आहे. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, अंदमानच्या बंदिवासातून ‘माझी जन्मठेप’ निघाली, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. या परंपरेतील कैदी हा लेखक आहे. वाचकवर्ग त्याची वाट पाहत असतो आणि त्याची कैद त्याच्या शब्दाला वजन देते. कोठडीत ज्याच्या नावाने लिहिले जाते तो कैदी या परंपरेच्या बाहेर राहिला. मुंबई स्फोटांच्या खटल्यातून २०१५ मध्ये सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी ‘बेगुनाह क़ैदी’ हे पुस्तक लिहिले तेव्हा हा फरक ठळक झाला. त्यांनी कोठडीत सही करण्याचे नाकारले होते. पुढे जो ‘मी’ कागदावर आला तो त्यांच्या हातचा होता. तुरुंगवाङ्मयाची व्याख्या करताना अशा लेखनाला आणि त्याच्या शेजारी ठेवून कबुलीजबाबांनाही स्थान द्यावे लागेल, कारण एकाच अनुभवाच्या या दोन संहिता आहेत. एक भोगणाऱ्याने लिहिलेली, दुसरी भोगायला लावणाऱ्याने.

भिवंडीच्या इतिहासात या दोहोंपेक्षा वेगळा कागदही आहे. १९८४ नंतर काही वर्षांनी तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची रचना उभी केली. वस्तीतले हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले. १९९२–९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, आणि त्याचे विवेचन खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात केले. मोहल्ला समित्यांनी कोठडीचा प्रश्न सोडवला असा याचा अर्थ नाही. पुढच्या दशकांतील खटले त्यानंतरचेच आहेत. पण दंगलीने आणि पक्षपाती तपासाने नाव बदनाम झालेल्या त्याच गावात पोलिसापुढे बसलेला माणूस आपल्या भाषेत बोलला, त्याचे बोलणे चारचौघांनी ऐकले आणि सभा संपल्यावर तो आपल्या पायांनी घरी गेला. जबाब विश्वासार्ह होण्यासाठी एवढीच परिस्थिती लागते, आणि १८७२ च्या कायद्यालाही तिच्याहून वेगळे काही अपेक्षित नव्हते.